सरांचं डाएट आणि आमची भूक

तळेगाव ढमढेऱ्याच्या मैदानावर पळणाऱ्या आम्ही पोरी आता चाळिशी ओलांडून बसलोय. तरी भेटलो की नवरेमंडळी आपापला चहा उचलून बाहेर जातात. आम्हाला पळायला शिकवणाऱ्या सरांचा एक किस्सा निघाला की त्याला चिकटून दुसरा येतो, आणि भाजी करपते!

*

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सरांचा एकच मंत्र, "वेट कमी, स्पीड जास्त!" रात्रीची भाकरी बंद, शेंगदाणे बंद. सरांचं पोट मात्र त्यांच्याआधी मैदानात यायचं.

खुटबावहून मामाकडं शिकायला आलेली मंगल फटकळ. म्हणाली, "सर, आमची बंद झालेली भाकरी कुठं जाती, ते दिसाया लागलंय!"

त्या दिवशी मंगल अंधार पडेपर्यंत पळत होती.

*

वजन करायला सर आम्हाला कांद्याच्या वखारीत न्यायचे. हमाल आकडा मोठ्यानं ओरडायचा. भर बाजारात!

एकदा मंगल काट्यावरून उतरली, तर व्यापारी पोती तोलायच्या सवयीनं विचारतो, "बारदान वजा केलं का रं?"

*

सगळ्यात जोरात पळायची निमोण्याची सुनीता. सरांचं डाएट मनापासून पाळलं तिनं एकटीनंच. आम्ही चोरून चिक्की खायचो. दिवाळीनंतर तिची पाळीच थांबली. आम्ही जळायचो, "नशीबवान हायस गं!"

तिच्या आईला भलतीच शंका आली. दार लावून तिनं विचारलं, "खरं सांग, कोण हाय?"

सुनीताला वाटलं, रेसमध्ये पुढं कोण असतं ते विचारतीय. "कोनबी न्हाई आई. समदी मागंच राहत्यात!"

*

पुढं सुनीताची नडगी ठणकायला लागली. आई तिला शिरूरला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. सर, मंगल आणि मी सोबत.

"पोरगी उपाशी आहे, दुसरं काही नाही," बाई म्हणाल्या. "पळायचं एवढं आणि खायचं नाही, मग शरीर पाळी बंद करून ताकद वाचवतं. हाडं ठिसूळ होतात. नडगीला बारीक चीर गेलीच आहे."

आई तिथंच रडायला लागली. सुनीताचा प्रश्न एकच, "परत पळता येईल ना?"

"येईल, औषध घेतलंस तर. औषध म्हणजे जेवण. पोटभर!"

सरांनी मान खाली घालून हळूच विचारलं, "जेवणाआधी द्यायचं का नंतर?"

*

उन्हाळाभर आईनं तिला दूध, अंडी, शेंगदाण्याचे लाडू चारले. आणि एका संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन आई थेट मैदानावर! आमच्या कानात बातमी सांगितली, तशा आम्ही नाचायलाच लागलो.

सर धावत आले. "काय झालं?"

"सर, सुनीताची आली!" मंगल ओरडली.

सरांना अर्धंच ऐकू गेलं. पेढा तोंडात टाकत म्हणाले, "सुनीता आली? कितवी आली?"

"पहिली, सर! यंदाची पहिली!"

सरांनी शिट्टी फुंकली, कबड्डीच्या पोरांसकट सगळं मैदान रांगेत उभं केलं आणि सुनीतासाठी कडकडून टाळ्या वाजवायला लावल्या.