स्पूलवर उरलेला अर्धा पाठ

बुद्धाची दीक्षा घेतल्यावर आम्ही घरातले देव पैनगंगेत सोडले. देव गेले, पण त्यांची जागा काही केल्या भरेना. विहारात वंदनेला माझा आवाज सगळ्यांत मोठा. ढाणकीचा लाऊडस्पीकरवालाच होतो ना मी! माझा भोंगा सुरू झाला की नदीपल्याड मराठवाड्यातल्या म्हशी पान्हा सोडत, असं मी सांगे, आणि लोक निम्मं खरंही मानत. पण एकट्यानं डोळे मिटले की आत सगळं सुनसान. आपल्यात चमत्कार मानत नाहीत, मीही मानत नाही. म्हणून पुढचं सांगताना फेकाफेक आवरती घेतो. जिभेला सवय आहे, एखादी निसटली तर सांभाळून घ्या.

दीक्षेनंतर काही वर्षांनी, एका हिवाळ्यात बाजारात स्वेटर विकायला एक तिबेटी बाई आली. बरोबर तिचा म्हातारा काका, लामा. सगळे त्यांना बाबाजीच म्हणू लागले. मुलूख सुटला, मठ जळाला, पोथ्याही गेल्या. त्या मठाचा एक मोठा पाठ आता फक्त बाबाजींच्या तोंडी उरला होता. कानडी मुलखात त्यांच्या लोकांची नवी वसाहत झाली होती, तिथली पोरं तो शिकायची वाट पाहत होती. पण बाबाजींचा खोकला असा, की ते तिथवर पोचतील याची तिला खात्री नव्हती. माझा बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर पाहून ती म्हणाली, "भैया, इसमें बाबाजी का पाठ रख सकते हो?"

"पाठ काय बाई, अख्खा हिमालय ठेवतो!"

दुपारी विहारात बाबाजी बसले आणि त्यांनी सुरुवात केली. काय तो आवाज! कोरड्या विहिरीच्या तळाशी कुणी दगडी उखळ ओढत असावं, इतका खोल. आमच्या धंद्यात आवाज असा जड आणि लांबट झाला की एकच अर्थ: बॅटरी बसली, टेपचं रीळ म्हणजे स्पूल हळू फिरतोय. माझा हात आपोआप मशीनवर गेला. "थांबा बाबाजी, मशीन बसून राह्यली!" मी ओरडलो आणि बंद केलं.

बाबाजी थांबले नाहीत. त्यांच्यात एकदा सुरू केलेला पाठ मध्ये तोडत नाहीत. ते म्हणत राहिले आणि मी बॅटरी बदलत राहिलो, मशीन पुसत राहिलो.

दारातून बायको म्हणाली, "कायले खोलून राह्यले जी? चांगलं तं चालू होतं!"

"तुले काय समजते यातलं?" असं म्हणून मी आतला रबरी पट्टा जो ताणला, तो तुटलाच.

तेव्हा त्या बाईनं माझं मनगट धरलं आणि माझा तळवा बाबाजींच्या छातीवर टेकवला. आत तोच आवाज घुमत होता. बरगड्यांतून तो माझ्या कोपरापर्यंत चढला. मशीन मुळीच बसलं नव्हतं. माणसाचा गळा इतका खोल असू शकतो, हे मला माहीत नव्हतं, एवढंच. आयुष्यभर इतका आवाज विकला, पण आत कुणी बोलतंय असं त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

पण पट्टा नागपूरशिवाय मिळायचा नाही. मी डोकं धरून बसलो. एवढ्यात तांड्यावरचा एक बंजारा सायकल उभी करून आत डोकावला. आवाज ऐकून आला होता.

"काय झालं भाऊ?"

मी सांगितलं. त्यानं पुढच्या चाकाची ट्यूब उपसली, सुरीनं तिची बारीक कडी कापली आणि माझ्या हातावर ठेवली.

"अरे, आता तू घरी कसा जाशीन?"

"आमचे बापजादे मिठाचे बैल हाकत मुलूखभर पायीच हिंडले. म्या तांड्यापर्यंत चाललो तं मरतो काय? लाव तू."

कडी अशी बसली, जणू कारखान्यातच केली होती. पाठ संपेपर्यंत तो मागे बसून राहिला आणि मग सायकल ढकलत गेला. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही, याची हळहळ अजून जात नाही.

मागचा अर्धा पाठ असा मिळाला. पहिला अर्धा उद्या सकाळी घेऊ, असं ठरलं. सकाळी बाबाजींनी तोंड उघडलं, तर नुसती हवा. रात्रीच्या खोकल्यानं आवाज गेला होता. त्यांनी हसून माझ्या गालावर थोपटलं. एस. टी. आली आणि स्पूल घेऊन दोघं गेली.

पुढच्या हिवाळ्यात बाई एकटीच आली. बाबाजी वसाहतीत पोचून थोड्याच दिवसांत वारले. पोरं रोज टेप लावून शिकतात, म्हणाली. आधी बाबाजींच्या दोन ओळी, मग "थांबा बाबाजी, मशीन बसून राह्यली," आणि मग एकदम पाठाचा मागचा अर्धा. पोरांना माझं वाक्यही तोंडपाठ आहे. सांगताना ती हसली, मीही हसलो, आणि मग घरात जाऊन बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसलो. त्या दोन ओळींपुढचा पहिला अर्धा पाठ आता जगात कुणालाच येत नाही.

जेवढा वाचला, तो त्या सायकलवाल्याच्या आणि माझं मनगट धरणाऱ्या त्या बाईच्या उपकारानं. मला कुणी विचारलं, की बुद्ध भेटला का, तर मी त्या छातीबद्दल सांगतो. याहून मोठी बढाई माझ्याकडे नाही. समोरचा बोलू लागला की आता मी हात मांडीवर ठेवतो. जे कळत नाही, ते दुरुस्त करायला धावत नाही. येईल तसं येऊ देतो. शिकलो एवढंच, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी भरली.