चमचा उभा राहील अशी खीर

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तर सीमेवर, डोंगरात उंचावरच्या एका सिग्नल पोस्टवर होती. आम्ही नऊ जण, रेडिओ सेट आणि खाली कंपनीपर्यंत गेलेली टेलिफोनची लाइन. लाइन तुटली की दोघांनी जाऊन जोडायची. आता निवृत्त होऊन मी काष्टीला राहतो. यंदा बी.ए.ला नाव घातलं आहे. घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे लिहिताना कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं.

लान्स नायक रामसजन अवधचा. त्या दिवशी सकाळी सहाला फोनवर त्याला निरोप आला, मुलगी झाली. कुक रजेवर होता, लंगर म्हणजे स्वयंपाकघर माझ्याकडे होतं. रामसजनने तांदळाची खीर मागितली. मी चेष्टेत म्हणालो, आमच्याकडे ही खीर पितृपंधरवड्यात करतात, आज कुणाचं श्राद्ध आहे? सगळे हसले. तोही हसला.

"हमारे यहाँ बच्चा होने पर बनती है," तो म्हणाला. "तू पका, मैं आके खाऊँगा."

साडेसातला लाइन तुटली. रामसजन आणि एक शिपाई छोटा रेडिओ सेट घेऊन निघाले. अकरापर्यंत परत यायचे होते.

त्या उंचीवर तांदूळ साध्या पातेल्यात शिजत नाही. कुकरमध्ये मऊ करून घेतला आणि पावडरच्या दुधात सोडला. दहा वीसला त्यांचा शेवटचा कॉल आला. नंतर बर्फ सुरू झाला. मी सेटवरून कॉल करू लागलो.

"लाइन पार्टी, रिपोर्ट माय सिग्नल, ओव्हर."

उत्तर नाही. बारा वाजले. एक वाजला. बर्फ थांबल्याशिवाय दुसरी पार्टी पाठवता येत नव्हती. सकाळचं माझंच बोलणं माझ्या कानात घुमत होतं. मी पातेलं उचललं आणि ओतून द्यायला दाराकडे निघालो. पोस्टचे प्रमुख सुभेदारसाहेब, त्यांनी हात आडवा केला.

"स्टोव्ह बंद नहीं होगा. ठंडे होकर आएँगे."

मग दर दहा मिनिटांनी एक कॉल करायचा आणि खीर ढवळायची. दूध आटत गेलं. पावडर संपली होती.

तीन चाळीसला सेट बोलला. "लाइन पार्टी. बॅटरी जम गयी थी. दोनों ठीक हैं. खीर बची है क्या? ओव्हर."

"है," एवढंच मी म्हणालो. मी स्टोव्ह मोठा केला. साहेबांनी हँडसेट घेतला.

परत आल्यावर रामसजनने बर्फाळ हातमोजे काढले आणि चमचा खिरीत रोवला. तो तसाच उभा राहिला.

"ऐसी ही बनती है," तो म्हणाला. मला माहीत होतं, अशी बनत नाही. पण त्याने दोनदा घेतली.

दोन वर्षांनी अशीच लाइन जोडायला गेलेला रामसजन दरड कोसळून गेला. त्या दिवशी मी रजेवर होतो.

त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला मी घरी खीर करतो. पहिल्या वर्षी बायको म्हणाली, "अवो, पितरं जेवायला अजून लई अवकाश हाय. कावळ्याला ठिवायची का?"

मी म्हणालो, ही वाढदिवसाची आहे, घरातच खायची. आता ती काही विचारत नाही. आंबेमोहोर धुवून ठेवते आणि दूध आटायला लागलं की "झाली आता लापशी" एवढं म्हणते.

काल तो वाढदिवस होता. संध्याकाळी रामसजनच्या मुलीचा फोन आला. ती आता कॉलेजात जाते.

"चाचा, बनी?"

"बनी."

"कैसी?"

"चमचा खडा है."


पलीकडे ती हसली. अगदी रामसजनसारखी.