हळदीचं बोट

गास गावातल्या वाडीत केळीच्या पानांवरून दव ठिबकत होतं. जयवंती छऱ्याच्या बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसली होती. धुक्यातला नेम धरायचा कागदी चांद त्या काचेत जवळ येऊन तरंगायचा, आणि आपणही त्याच्यासंगं तरंगतोय असं तिला वाटायचं. उद्या जिल्ह्याच्या नेमबाजी संघाची निवड होती, पण छर्रा कधी उजवीकडं जाई, कधी खाली. दुर्बिणीच्या नेम जुळवायच्या चकत्या फिरवून बोटं दुखली.

"रुसली गं तुझी बंदूक," नवरा काशिनाथ म्हणाला. "दसऱ्याला हळद वाहिली, खोबरेल चोपडलं, तरी!"

"खोबरेल? कुठं?"

"सगळीकडं. कोयत्याला लावतो तसं. दुर्बीन काढून तिच्या कड्यांच्या आतूनसुद्धा."

"अहो मानसा!"

तिनं निरखून पाहिलं. दुर्बीण बंदुकीवर धरणाऱ्या कड्याला टेकून, दुर्बिणीच्या नळीवर ओढलेलं दसऱ्याच्या हळदीचं बोट आता कड्यापासून मागं गेलं होतं. दर बाराला तेलकट दुर्बीण कड्यांतून घसरत होती.

तिनं स्क्रू सोडले, जुन्या लुगड्याच्या फडक्यानं दुर्बीण नि कडी कोरडी केली आणि सगळे स्क्रू थोडेथोडे, सारखे आवळले. मग तीन छर्रे झाडले. तिन्ही डावीकडं, पण एकमेकांना चिकटून.

"चुकलं की," काशिनाथ पुटपुटला.

"एका जागी चुकलं, ते सुधारता येतं."

तिनं चकती फिरवली. पुढचा छर्रा चांदाच्या मधोमध बसला.