समोरच्या दारातली बाल्कनी

डमडमच्या आमच्या क्वार्टर्समध्ये मराठी घरं दोनच होती. उत्तरेकडचं आमचं आणि समोरच्या दाराचं, दक्षिणेकडचं, तिचं. दक्षिणेचा वारा म्हणजे काय चीज आहे, ते कोलकात्यात एक उन्हाळा काढल्याशिवाय कळत नाही. तिच्या बाल्कनीत संध्याकाळी बसलं की पंखा लावावा लागत नसे. माझ्या भिंतींना ओल आणि खिडकीसमोर पलीकडच्या इमारतीची पाण्याची टाकी. मी तिच्याकडे चहाला जायचे, गप्पा मारायचे आणि मनातल्या मनात तिचा सोफा हलवून तिथे माझा ठेवायचे.

मी नगरकडची ख्रिस्ती. लहानपणी दहा आज्ञा धडाधड म्हणून दाखवल्याबद्दल बक्षीस मिळवलेली. शेजाऱ्याच्या घराचा लोभ न धरण्याबद्दलची आज्ञा शेवटची, तिच्यावर टाळ्या पडल्या होत्या. पाठ होती, एवढंच.

एका दुपारी ती रडवेली होऊन आली. नवऱ्याच्या बदलीची कुणकुण लागली होती आणि मुलगी बारावीला.

"वहिनी, मी आमच्या देवांना साकडं घातलंय. तुमच्या चर्चमध्येही माझ्या नावाची एक मेणबत्ती लावा. एवढं एक वर्ष टळू दे."

आमच्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावायची पद्धत नाही. ते मी सांगितलं नाही, तिचा हात धरून म्हटलं, "मनापासून प्रार्थना करीन."

रविवारी मेट्रोने एस्प्लनेडला उतरून चर्चमध्ये गेले, गुडघे टेकले, तिच्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. 'बदली टळू दे', एवढे तीनच शब्द म्हणायचे होते. ते काही ओठांवर येईनात. बदली झाली तर घर रिकामं होणार, कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, हेच डोक्यात. शेवटी तशीच उठले. माझ्या गप्प राहण्यामुळे बदली झाली असं मी म्हणत नाही, एवढी मी कोणी नाही. पण तिने माझ्याकडे मागितलं होतं ते मी दिलं नाही.

त्यावर कडी म्हणजे सोमवारी नवऱ्याच्या मागे लागले. रिकामं होणारं घर आधी अर्ज करेल त्याला मिळतं.

"अगं, ऑर्डरसुद्धा आलेली नाही. बरं दिसतं का हे?"

"वरच्या मजल्यावरच्यांनी आधी टाकला तर बसा मग टाकीकडे बघत."

त्यांनी अर्ज टाकला. पंधरा दिवसांनी ऑर्डर आली. घर आम्हाला मिळालं आणि लिफ्टशेजारच्या बोर्डावर अर्जांची यादी लागली, तारखांसकट. ही यादी लागते हे मला ठाऊक होतं. क्वार्टर्समधली प्रत्येक बाई ती वाचते, मीही वाचत आले होते. हावरेपणात तेवढंच विसरले.

मुलीला हॉस्टेलवर ठेवून ते दोघं निघाले. ट्रक भरल्यावर ती माझ्या दारात आली, हातात घडी केलेले पडदे.

"बाल्कनीच्या दाराचे आहेत. दुसरीकडे बसायचे नाहीत." मग थांबून म्हणाली, "वहिनी, त्या रविवारी प्रार्थना केलीत ना?"

तिने यादी वाचली होती. तरी विचारत होती. आता वाटतं, खरं बोलायची एक संधी ती मला देत होती.

"केली ना," मी म्हणाले.

तिने मान हलवली, पडदे माझ्या हातात दिले आणि जिना उतरून गेली. लिफ्टने गेली नाही.

लाज वाटते मला, अजूनही. तिचा नंबर फोनमध्ये आहे, लावत नाही. पडदे पिशवीत तसेच आहेत. संध्याकाळी बाल्कनीत सुरेख वारा येतो आणि आलेला प्रत्येक पाहुणा म्हणतो, नशीबवान आहात. परवा रविवारी मी गुडघे टेकून तिच्या मुलीसाठी प्रार्थना केली, अगदी मनापासून. मुलीची बारावी होऊन दोन वर्षं झाली आहेत.