लाल फडक्यातली दुसरी पोथी

त्या वर्षी मी देवावर रुसलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. अकोल्याकडची माझी आई म्हणजे दिवसभर बोलणारी बाई. सुरतेत आल्यावर तिनं शेजारच्या गुजराती बायकांनाही वऱ्हाडी समजायला लावलं होतं. ती आता खाटेवर पडून छताकडे बघायची. डॉक्टर म्हणाले, "ऐकू येतंय, कळतंय. दोन-चार महिन्यांत बोलल्या तर बोलल्या." मी उधन्याच्या मराठी शाळेत मास्तर. पोरांना गप्प बसवण्यात माझा जन्म गेला, आणि घरात आईच्या एका शब्दासाठी जीव टांगणीला लागला होता.

मार्गशीर्षात आई दत्ताच्या पोथीचं सात दिवसांचं पारायण करायची. यंदा ते मी करतो, असं तिला सांगितलं. खरं सांगू? त्यात भक्ती कमी आणि हट्ट जास्त होता. बघू या म्हटलं, देव तरी काय करतो ते.

आता दुसरी कबुली. मला लांबलचक रशियन कादंबऱ्यांचं व्यसन होतं. चौकात जुनी पुस्तकं विकणारे एक गुजराती काका होते, त्यांच्याकडून नुकतीच एक आणली होती. कुणा मराठी माणसाच्या रद्दीतून आलेलं भाषांतर, पहिला भाग. सोबत काकांनी न मागताच एक कॅसेट हातावर ठेवली. रशियातल्या देवळांत सगळे मिळून गातात, ते गाणं. "आ साथे सांभळजो, मास्तर," एवढंच म्हणाले, म्हणजे पुस्तकासोबत हे ऐका. घरात आजारपण असताना कादंबऱ्या वाचत बसतो म्हणून बायको बोलेल, या धाकानं मी ते पुस्तक लाल फडक्यात बांधून फळीवर ठेवलं. आमच्याकडे लाल फडक्याला कुणी उगाच हात लावत नाही. पण दत्तजयंतीच्या आधी बायकोनं झाडझूड काढली, पोथी समजून माझं गाठोडं देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. खरी पोथी राहिली आईच्या ट्रंकेत.

पहिल्या दिवशी सोवळं नेसून बसलो. बायको तिच्या सकाळच्या शाळेत शिकवायला गेली होती. दिवा लावला, संकल्पाचं पाणी सोडलं, फडकं उघडलं, तर आत कादंबरी! संकल्प केल्यावर त्या दिवसाचं वाचन होईपर्यंत आसन सोडायचं नाही, हा आईचाच नियम. आणि ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मी घसा खाकरला आणि पोथीच्या चालीत कादंबरी वाचायला लागलो. म्हातारीला काय कळतंय, असं वाटलं होतं. लाज वाटते आज लिहिताना.

दुसऱ्या दिवशी ट्रंकेतली खरी पोथी काढली आणि आईच्या खाटेला लागून बसलो. दोन ओव्या वाचल्या असतील, आईनं डाव्या हातानं पोथी हळूच मिटली, तिला नमस्कार केला आणि देव्हाऱ्यातल्या दुसऱ्या गाठोड्याकडे बोट दाखवलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, पोथी तर तिला तोंडपाठ! पहिल्या वाक्यालाच तिनं माझी चोरी पकडली होती. दुपारी मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुमचं सोंग त्यांनी लहानपणापासून ओळखलंय. मला काय सांगता? वाचा त्यांना हवं ते."

सात दिवसांचं पारायण असं फाल्गुनापर्यंत चाललं. गोष्टीतला धाकटा मुलगा भांडून घर सोडतो आणि त्याची आई खिडकीशी बसून राहते. त्यात एकेका माणसाला तीन-तीन नावं. माझा घोटाळा झाला की आई खाटेवर टिचकी मारायची. गावाकडची सगळी भाऊबंदकी जिला पाठ, तिला ही चार माणसं काय जड? वाचन संपलं की मी कॅसेट लावायचो. पेटी नाही, टाळ नाही, नुसते माणसांचे गळे, आणि तळाशी पुरुषांचा खर्ज. अर्थ मला ठाऊक नव्हता, पण आम्ही दोघं हात जोडून ऐकायचो. एका सकाळी त्या खर्जाखाली आणखी एक घोगरा सूर आला. टेप बिघडला असं वाटून मी तो बंद केला. सूर चालूच होता. आई गुणगुणत होती. मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडलो.

पण शब्द काही फुटेना. फाल्गुनातल्या एका रविवारी मी शेवटच्या पानावर आलो. मुलगा परत येतो, अंगणात उभा राहतो, आत आईचा खोकला ऐकू येतो, आणि पहिला भाग संपतो. मी पुस्तक मिटलं, फडकं बांधायला घेतलं.

"पुढं?"

मी बायकोकडे पाहिलं. ती दारात उभी होती, तिचे ओठ मिटलेले होते. आईनं पुन्हा, जरा रागानंच विचारलं, "पुढं?"

पुढचं माझ्याकडे नव्हतं. सायकल काढली आणि तसाच सोवळ्यात चौकात गेलो. लोक बघत होते, बघू देत. काकांनी मला पाहिलं, खाली वाकून गोणपाटातून जाडजूड पुस्तक काढलं. "बीजो भाग. तमारा माटे ज राख्यो छे," म्हणाले. दुसरा भाग, माझ्यासाठीच राखून ठेवलेला. त्यांना आईचं काहीच माहीत नव्हतं.

आई त्यानंतर सहा वर्षं होती. अर्धेमुर्धे शब्द बोलायची, पण बोलायची. त्या काकांच्या हातून कोण देत होतं, यावर मी वाद घालत नाही. मी देवाकडे हट्टानं एक शब्द मागितला होता. कोणती पोथी, कोणतं गाणं, कोणती वेळ, यातलं माझ्या मनासारखं काहीच झालं नाही, आणि म्हणूनच सगळं नीट झालं. आता काही अडलं की मी रुसत नाही. देव्हाऱ्यात लाल फडक्यातली तीन गाठोडी आहेत, त्यांना हात जोडतो आणि आईचाच शब्द देवाला विचारतो. पुढं?