पाटावर राहिलेला नारळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय.

सांगलीत स्टँडसमोर आमचं लॉज. बोर्डावर 'सहकुटुंब राहण्याची उत्तम सोय'. नव्वदनंतरची वर्षं ती. नवरा मंडईत गेला की काउंटरवर मी. आलेल्या माणसाचं गाव, पाव्हणेरावळे, सगळं काढून घ्यायची. चौकशा करण्यात माझा हात कोण धरणार? मग त्या दिवशी का नाही केल्या?

एक माणूस आला. बरोबर परकर-पोलक्यातली पोरगी — तेरा वर्षांची असेल, कदाचित तेवढीही नसेल. तो म्हणाला, "भाची हाय माझी, मेढ्याकडची. आमचंच लगीन ठरलंय." आमच्या भागात मामाला भाची देतात. माझी सख्खी थोरली बहीणच मामाला दिलीय, पलूसला. त्यामुळं मला काही वावगं वाटलं नाही. वाटलं नाही? — खोटं कशाला बोलू! पोरीचं वय डोळ्यांत खुपलं होतं. पण मी खोली दिली.

वर हौस बघा माझी. लग्नाची मुलगी दारात आलेली, तिला रिकामी कशी पाठवायची? दुसऱ्या दिवशी दुपारी ते निघाले. तो समोर चहा प्यायला गेला, तेवढ्यात मी तिला आत नेऊन पाटावर बसवलं. कुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले, खण घातला, नारळ घातला. तिनं माझा पदर धरला.

"आवं मावशी, त्यो माझा मामा न्हाई."

स्पष्ट म्हणाली. ऐकू आलं नाही असं मला म्हणता यायचं नाही. काउंटरवर फोन होता, पोलीस चौकी हाकेवर होती. आणि माझ्या डोक्यात काय आलं, सांगू? नुकतेच शेजारच्या लॉजवर पोलीस येऊन गेले होते, त्यांचं शटर अजून बंदच होतं. आपलंही नाव निघेल. लेकीला स्थळं कशी येणार? — एवढंच आलं. दुसरं काही नाही.

मी हसले. "लाजतीस व्हय गं?" म्हणाले आणि पदर सोडवून घेतला. बोटं घट्ट होती तिची. एकेक करून सोडवावी लागली. तिला पाटावरच सोडून मी काउंटरवर आले.

तो परत आल्यावर मीच म्हणाले, "चला, मिरजेची गाडी लागलीय." मीच!

पुढं तिचं काय झालं, मला माहीत नाही. कळत नाही असं मात्र नाही. तिचं नाव? — तेही विचारलं नव्हतं.

परवा लॉजवाल्यांच्या बैठकीत एक बाई सांगत होत्या, "असल्या पोरी तुमच्याच दारातून जातात, तुम्ही विचारलं पाहिजे." सगळ्यांच्या आधी मान मी डोलावली.

ते दोघं गेल्यावर आत आले, तर नारळ पाटावरच होता. खण, तांदूळ — सगळं तिनं तिथंच काढून ठेवलेलं. भरलेली ओटी कुणी अशी ठेवून जात नाही. संध्याकाळी मी तो नारळ फोडला, चटणी वाटली, लेकीला वाढली. तिला लय आवडली. तिनं परत मागितली, आणि मी परत वाढली.