अण्णांसाठी घेतलेला गेम

अण्णांनी बिलोलीच्या घराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली शेजारच्या काकूंच्या हातात दिली. "चार दिवस लेकीकडं जाऊन येतो," असं त्यांनी सांगितलं. काकूंनी बॅगेकडे पाहिलं. चार दिवसांच्या मानाने ती बरीच मोठी होती. आई जाऊन तीन महिने झाले होते. काचबिंदूने अण्णांची नजर जवळपास गेली होती आणि त्यांना एकटं ठेवणं आता शक्य नव्हतं. अण्णा, काकू आणि मी, तिघांनाही हे माहीत होतं.

बापाने लेकीच्या घरी कायमचं राहू नये, अशी आमच्याकडची रीत आहे. अण्णा शाळेत शिक्षक होते. पुष्कळ रिती त्यांनी मोडल्या, ही मोडली नव्हती. मी एकुलती एक. ते पुण्यात टिकतील का, एवढीच मला काळजी होती.

बावीस वर्षांपूर्वी बिलोलीच्या स्टँडवरून मी नांदेडच्या एका दैनिकात नोकरीला गेले आणि तिथून पुण्याला. निघताना अण्णा म्हणाले होते, "जिथं जाशील तिथलं ऐक, माय. इथलंच कवटाळून बसू नको." मी ते पाळलं. माझ्या बोलण्यातून 'हाय' आणि 'न्हाई' गेलं, कुणी हटकलं तरच आठवायचं. आता स्वतः निघताना अण्णांनी अट घातली होती. एकादशीचं भजन सोबत हवं. तीस वर्षं ते गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत होते.

भजन मी दोन एकादशींना बसून रेकॉर्ड केलं होतं. ते वाजवायचं कशावर, हा प्रश्न राहिला. फोन आधी बाद झाला. काचेच्या पडद्यावर बोटाला काही लागत नाही, मध्येच कुणाचा तरी फोन येतो आणि गाणं थांबतं. तयार भजनं भरलेला एक रेडिओ आणला, तर त्यातली भजनं परक्यांची आणि बटणं सगळी एकसारखी. शेवटी माझ्या मुलीने, इराने, स्वतःचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम माझ्यापुढे धरला. "आई, डोळे मीट आणि सांग, कुठलं बटण कुठलं."

मी डोळे मिटले. डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं बटण, उजवीकडे चार गोल, आवाजाचं चाक बाजूला. हेडफोनची वायर लावायला जागा, गाण्यांसाठी मेमरी कार्ड. सिम नाही, इंटरनेट नाही. पडदा बंद करून गाणी चालू ठेवता येतात. मी तीन दुकानं फिरले आणि ज्याची बटणं सर्वांत उंच होती, तो घेतला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, गाणीच ऐकायचीत तर गेम कशाला?" मी कारण सांगितलं. मग त्याने कार्डातले सगळे गेम स्वतःहून काढून दिले.

नांदेडहून सकाळची पुण्याची एसटी धरली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस धोतर सावरत हातात पिवळा गेम घेऊन बसलेला पाहून मागच्या सीटवरच्या बायका हसल्या. "आजोबा, नंबर कितवा आला?" एकीने विचारलं. कानात हेडफोन होते, अण्णांना ऐकूच गेलं नाही. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. त्यांचं बोट मांडीवर ठेका धरून होतं.

चाकूरच्या स्टँडवर मी पाण्याची बाटली घ्यायला उतरले. परत आले तर अण्णा बॅग घेऊन खाली उभे होते आणि कंडक्टरने त्यांचा दंड धरला होता.

"बाबा, कुठं निघालाव? तिकीट पुण्याचं हाय तुमचं."

"भैरवी झाली," अण्णा म्हणाले.

"कोण झाली?"

"भजन संपलं. मग उठायचंच की."

खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "गेम हारले वाटतं म्हातारबा!"

चूक माझी होती. आमच्या मंडळात आधी देवाच्या रूपाचे अभंग होतात, मग गवळणी, शेवटी भैरवी. भैरवीनंतर काही गायचं नसतं. पेटी झाकायची, उठायचं, घरी जायचं. त्या मशीनला देवनागरी नावं दिसत नव्हती, म्हणून मी फायलींना इंग्रजी अक्षरांत नावं दिली होती. मशीनने ती ए-बी-सी-डीच्या क्रमाने लावली. अभंगांमागून भैरवी आली, गवळणी मागे राहिल्या. भैरवी संपली आणि त्याच वेळी गाडी थांबली. नजर नसलेल्या माणसाने तीस वर्षांच्या सवयीने जे करायचं ते केलं. दुसऱ्यांच्या बातम्यांमधला उलटसुलट झालेला क्रम नीट लावणं हेच माझं रोजचं काम आहे. इथे मला तो दिसला नाही.

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "गवळणी राहिल्यात अण्णा. लावून देऊ?"

"भैरवीनंतर गवळण म्हणतेत का कुठं?" त्यांनी वायर गुंडाळली. "मशीन करणाऱ्याला भजन म्हाईत न्हाई, समजलं. तुला तर म्हाईत हाय ना?"

पुढचे सात-आठ तास त्यांनी काहीही ऐकलं नाही.

पुण्यात पोचल्यावर मी प्रत्येक नावाआधी आकडा घातला. क्रम बरोबर लागला. मग रोज दुपारी गॅलरीत अण्णांचं भजन सुरू झालं. पण भैरवी झाली की ते उठत, चप्पल शोधत आणि विचारत, "किती दिस झाले गं मला येऊन?" मी सांगे. "लई झाले," ते म्हणत. "आता जायला पाहिजे." रोज हेच. एकदा मी कार्डातून भैरवीच काढून टाकायचं ठरवलं. इराने ते ऐकलं. "ही चीटिंग आहे, आई," ती म्हणाली. मी भैरवी राहू दिली.

आठव्या महिन्यात त्यांनी स्वतःहून बिलोलीला जायचं काढलं. एकादशीला मंडळात बसायचं होतं. बॅग त्यांनीच भरली, तीच मोठी. सगळं घेऊन चाललेत, आता परत येणार नाहीत, असं मी धरून चालले. रजेचा अर्ज करताना एकादशीच्या रात्रीचं परतीचं तिकीट मी एकटीचं काढलं होतं.

एकादशीला दुपारी बिलोलीच्या मंदिरात भजन झालं. पेटीवर आता दुसरं कुणी होतं. अण्णा टाळ घेऊन कडेला बसले. अभंग झाले, गवळणी झाल्या. भैरवी संपली तसे ते उठले. मंडळातल्या एकाने हाक मारली, "गुर्जी, मुक्काम हाय न्हवं? घर झाडून ठिवलंय काकूनं."

"न्हाई बा," अण्णा म्हणाले. "नातीची शाळा हाय उद्या. तिला दुपारचं कुणी न्हाई घरी. जायला पाहिजे."

मंदिरातून बाहेर पडलं की डावीकडे आमची गल्ली आहे आणि उजवीकडे स्टँड. त्यांनी एका हातात बॅग घेतली, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला आणि ते उजवीकडे वळले. मी फोन काढला आणि त्यांच्यासाठी दुसरं तिकीट मिळतं का ते पाहू लागले.